स्वप्नं खरी होऊ लागली तर...

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. दुपारची जेवणं आटोपली होती, ओटा पुसून झाला होता आणि मी नुकतीच पाठ टेकली होती. तेवढ्यात दार वाजलं. मागच्या गल्लीतल्या बाई. प्राथमिक शाळेत शिकवतात, नवरा सरकारी नोकरीत, थोरली मुलगी लग्नाची. घर ख्रिस्ती. नाताळात त्यांच्याकडून करंज्या आणि केक येतो, दिवाळीत आमच्याकडून फराळ जातो, इतका आमचा घरोबा. पण भर दुपारी, न सांगता त्या कधी येत नाहीत.

"ताई, तुम्ही मासिकांत लिहिता. तुम्हाला चार माणसं ठाऊक असतील. मला सांगा, मी वेडी झालेय का?" आत येऊन बसायच्या आधीच त्यांनी विचारलं.

हकिगत अशी. दिवाळीच्या सुमाराला त्यांना स्वप्न पडलं. नगरकडची मावशी ओसरीवर बसून केस विंचरतेय आणि म्हणतेय, "चल, मी निघते." तिसऱ्या दिवशी मावशी गेल्याचा फोन आला. पुढं महिन्याभरात शेजारच्या मुलाला स्कूटरवरून पडताना त्यांनी स्वप्नात पाहिलं, आणि आठवड्याच्या आत त्याचा हात मोडला. बाई साध्या मनाच्या. चर्चमधल्या स्त्रियांच्या प्रार्थनागटात त्यांनी हे बोलून दाखवलं. झालं! एक बाई म्हणाली, ही देवाची देणगी आहे, आता माझ्या मुलाचं लग्न कधी ते बघून सांग. दुसरी त्यांच्या शेजारी बसेनाशी झाली. कानोकान गोष्ट पाळकसाहेबांपर्यंत गेली. त्यांनी बोलावून घेतलं आणि सांगितलं की असलं भविष्य दिसणं सैतानाचं काम असतं, शौल राजाची गोष्ट वाचा. तेव्हापासून दोन रविवार बाईंनी प्रभुभोजन घेतलेलं नाही. हात पुढं होत नाही म्हणतात. यजमान म्हणाले, गोळी घे आणि झोप. आणि सासूबाई? त्या एकच म्हणाल्या, "मुलीचं जमतंय. आई झपाटलेली आहे असं बाहेर कळलं तर?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न एका ख्रिस्ती बाईचा म्हणून सोडून देऊ नका. आपल्यापैकी कितीजणी म्हणतात, "माझ्या मनात आलं आणि तेच झालं बघ!" कुणाच्या अंगात येतं, कुणाच्या हाताला गुण असतो, कुणाला घरातलं गेलेलं माणूस दिसतं. हिंदू घरात अशा बाईची ओटी भरतात, नाहीतर तिला मांत्रिकाकडं नेतात. ख्रिस्ती घरात पेच आणखी अवघड, कारण तिथं धर्मग्रंथच एका हातानं मनाई करतो आणि दुसऱ्या हातानं देतो. मी त्यांना म्हटलं, "चार दिवस द्या. वाचते, विचारते, मग बोलू." चाराचे पंधरा झाले. त्यात जे हाती लागलं ते तुमच्यापुढं ठेवतेय.

मनाई कशाला आहे?

जुन्या करारात अनुवादाच्या पुस्तकात, अठराव्या अध्यायात, शकुन बघणारे, मंत्र घालणारे, मृतांना विचारणारे अशा सगळ्यांना सरळ नकार आहे. शौल राजाची गोष्ट तीच सांगते. लढाईच्या आदल्या रात्री घाबरलेला राजा वेष पालटून एन-दोरच्या बाईकडं जातो आणि मेलेल्या शमुवेलाला बोलवायला लावतो. दुसऱ्या दिवशी त्याचा शेवट होतो. पाळकसाहेबांचा मुद्दा म्हणजे हा.

पण ही गोष्ट नीट वाचा. शौल विचारायला गेला होता. उद्याचं आज कळावं, म्हणजे उद्या आपल्या मुठीत राहील, हा त्यातला हव्यास. आमच्या बाई कुणाकडं विचारायला गेल्या नव्हत्या. त्या दमून झोपल्या होत्या! आणि झोपेत आलेल्या स्वप्नांनी तर बायबल भरलेलं आहे. याकोबाला शिडी दिसते, त्याचा मुलगा योसेफ फारोच्या गाईंचा अर्थ सांगतो, मरियेच्या योसेफाला बाळाला घेऊन मिसरात पळून जा असं स्वप्नातच कळतं. एवढंच काय, पिलाताची बायको, बिचारी परधर्माची, नवऱ्याला न्यायासनावर निरोप धाडते की या नीतिमान माणसाच्या वाटेला जाऊ नका, मला स्वप्नात फार त्रास झाला. नवऱ्यानं ऐकलं नाही. (बायकोचं न ऐकण्याची ही रीत जुनीच म्हणायची.)

नव्या करारात तर पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, बाराव्या अध्यायात, कृपादानांची यादीच दिली आहे. ज्ञानाचं वचन, विश्वास, रोग बरे करणं, अद्भुत कामं, संदेश देणं, आत्मे पारखणं, अन्य भाषा बोलणं, त्यांचा अर्थ सांगणं. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पाच्या चार मुली येतात. चौघी अविवाहित आणि चौघी संदेश देणाऱ्या. म्हणजे बाईला असं काही येणं हे ख्रिस्ती धर्माला नवं नाही, निषिद्धही नाही.

पण त्याच पुस्तकात सोळाव्या अध्यायात आणखी एक मुलगी आहे. फिलिप्पै गावातली गुलाम. तिला भविष्य सांगणारा आत्मा होता आणि तिच्या धन्यांना त्यावर चांगली कमाई होत होती. ती पौलाच्या मागं मागं ओरडत फिरते. ओरडते ते खोटं नसतं, तरी पौल तो आत्मा घालवतो. धनी चिडतात ते धर्म बुडाला म्हणून नव्हे, धंदा बुडाला म्हणून! मला या एका गोष्टीत फार मोठी खूण सापडली. सांगितलेलं खरं निघालं की नाही, एवढ्यावर तिथं निवाडा होत नाही. ती मुलगी कुणाच्या ताब्यात आहे, कुणाच्या खिशात पैसा जातोय, हेही बघावं लागतं.

केडगावची ती पहाट

पुण्याहून दौंडकडं जाणाऱ्या गाडीनं गेलात तर वाटेत केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. रमाबाई म्हटल्या की आपल्याला शारदा सदन आठवतं, संस्कृत विद्वत्ता आठवते, फार तर अमेरिकेचा प्रवास. पण त्याच मुक्तीमध्ये 1905 साली जे घडलं ते मराठी माणसानं फारसं सांगितलेलं नाही, आणि आपल्या प्रश्नाशी त्याची गाठ थेट आहे.

आधी बाई कशा होत्या ते ध्यानात घ्या. 1858 चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे, पुराण सांगत तीर्थं फिरणारं घर. दुष्काळात आईवडील गेले. देव प्रसन्न व्हावा म्हणून घरानं व्रतं केली, दानं केली, आणि शेवटी उपाशी राहिलं, हे रमाबाईंनी 1907 साली आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत वैधव्य, पदरी मनोरमा. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला खरा, पण तिथल्या सिस्टरांशी धर्मतत्त्वांवरून त्यांनी इतकी चिवट वादावादी केली की तो पत्रव्यवहार आजही वाचावासा वाटतो. 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं तो इंग्रजीत छापला. म्हणजे कुणी काही सांगितलं की डोळे झाकून मान डोलावणारी ही बाई नव्हे.

1896-97 चा दुष्काळ, मग 1900 चा गुजरातेतला दुष्काळ. रमाबाईंनी हाडाचे सापळे झालेल्या मुली, विधवा गोळा करून केडगावला आणल्या. दीड-दोन हजार तोंडांचं घर! शेती, हातमाग, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी शाळा. आपल्याला चार पाहुणे आले तर धांदल होते. असो.

1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना प्रार्थनेला बोलावलं. आधी सत्तरएक जमल्या, जूनपर्यंत साडेपाचशे. रोज दोनदा. मग 29 जूनच्या पहाटे, अंधार असताना, झोपायच्या दालनात एक मुलगी प्रार्थना करता करता ओरडू लागली की माझ्या अंगात आग आहे. शेजारच्या मुलीला तिच्याभोवती जाळ दिसला. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, ओतणार तेवढ्यात तिला कळलं की मुलगी जळत नाहीये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई नेहमीच्या शांतपणे योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. मुली एकदम मोठ्यानं प्रार्थना करायला लागल्या, इतक्या की रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. पुढं कितीतरी दिवस शाळेचे वर्ग बंद. रडणं, पापं कबूल करणं, चोरलेलं परत देणं, मग हसणं, गाणं. पुढच्या वर्षी काहीजणी न शिकलेल्या भाषांतून प्रार्थना करू लागल्याचं तिथल्या लोकांनी लिहून ठेवलं आहे.

तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? मी तर डॉक्टरला बोलावलं असतं! काही मिशनऱ्यांनाही ते बरं वाटलं नाही. हा उन्माद आहे, बायकी भावनावेग आहे, असे बोल आले. रमाबाईंनी काय केलं ते बघा. मुलींची तोंडं बंद केली नाहीत. आपल्या मुली आपल्या रीतीनं रडतील, हसतील, त्यांना पश्चिमेचे शिष्टाचार लावू नका, असं त्यांचं मत. पण त्याच वेळी मुक्तीच्या अंकातून त्यांनी हेही स्पष्ट केलं की अन्य भाषा बोलणं ही पवित्र आत्मा मिळाल्याची एकमेव आणि आवश्यक खूण आहे असं शास्त्रात कुठं नाही. खरी आवश्यक खूण एकच, प्रेम. बाकीची दानं टाकून द्यायची नाहीत, पण त्यांच्यावरून माणसाची प्रतही लावायची नाही. त्या काळी जगभर उलट वारं वाहत होतं. 1906 साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझूझा रस्त्यावर अशीच जागृती झाली आणि तिथून निघालेल्या पुष्कळांनी भाषा बोलणं हीच कसोटी धरली. केडगावच्या बाईनं ती धरली नाही.

आणि त्या आगीचं पुढं झालं काय? माझ्या मते खरी गोष्ट इथं आहे. सातशेच्या आसपास मुलींनी प्रार्थनेसाठी आणि सेवेसाठी नावं दिली, आणि त्यांतल्या साठएक रोज पाळीपाळीनं आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. मुक्तीतल्या मिनी अब्राम्स या अमेरिकन बाईंनी 1906 साली या सगळ्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि ते चिलीतल्या आपल्या एका वर्गमैत्रिणीला पाठवलं. तिथं 1909 मध्ये जी मोठी जागृती झाली, तिच्या मुळाशी हे पुस्तक धरतात. केडगाव कुठं आणि चिली कुठं! खुद्द रमाबाई मात्र हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल करत बसल्या. 1922 साली त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम पुरं झालं. शेजारी जाळ पेटलेला असताना व्याकरण घोटणारी ही बाई मला फार आवडते.

जेवा आणि झोपा

आता दुसरी बाई. हिला जाऊन चारशे चाळीसच्या वर वर्षं झाली. स्पेनमधल्या आविला गावची तेरेसा, जन्म 1515. मठातली जोगीण. चाळिशीच्या पुढं तिला प्रभूचं दर्शन होऊ लागलं. तिच्या धर्मगुरूंनी काय सांगावं? हे सैतानाचं आहे, पुन्हा दिसलं की तोंडावर हातानं अपमानाची खूण कर. तिनं आज्ञा म्हणून तेही केलं आणि मनातून हाय खाल्ली. आमच्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे इतक्या मोठ्या बाईलाही?" हो, इतक्या मोठ्या बाईलाही. तिनं लिहिलेलं आत्मचरित्र धर्मन्यायालयानं ताब्यात घेतलं होतं. पुढं 1622 साली तीच संत झाली, आणि 1970 साली पोप सहावे पौल यांनी तिला चर्चची आचार्य म्हणून मान दिला. असा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

पण तेरेसाबाईंचं मला पटलं ते वेगळंच. 1577 साली लिहिलेल्या 'अंतर्यामीचा किल्ला' या अर्थाच्या नावाच्या पुस्तकात ती एका स्त्रीची गोष्ट सांगते. ती तासन् तास, आठ आठ तास, गुंगीत पडून राहायची, आणि लोकांना वाटायचं समाधी लागली. तेरेसानं तपास केला. तो देव नव्हता, अशक्तपणा होता. उपास, जागरणं, शरीराचे हाल. तिला पोटभर खायला घातलं, झोपायला लावलं, उपास बंद केले. समाधी गेली! दर्शनं झालेलीच बाई इतकं रोकठोक सांगू शकते. देव स्वयंपाकघरातल्या भांड्याकुंड्यांतही भेटतो, असं मानणाऱ्यातली ती होती.

आणि तिनं नुसतं पाहत बसणं पत्करलं नाही. 1562 पासून गाडीतून हिंडत सतरा मठ काढले, जमिनीचे व्यवहार केले, कर्जं फेडली.

सगळ्यांच्या नशिबी असं येत नाही, हेही सांगायला हवं. फ्रान्समधली शेतकऱ्याची पोर, जोन, तेराव्या वर्षापासून आवाज ऐकायची. 1431 साली रूआँ गावात धर्मपंडितांनी चौकशी करून तिला जाळवलं. 1456 साली तो निवाडा रद्द झाला, 1920 साली ती संत झाली. पाळकांचं, पंडितांचं पहिलं मत हे शेवटचं नसतं, इतकं त्यातून आपण घेऊ.

आजचं कॅथलिक चर्च या बाबतीत फार सावध आहे. कुणाला झालेला खाजगी साक्षात्कार चर्चनं मान्य केला तरी तो इतरांनी मानलाच पाहिजे असं बंधन नाही. 2024 च्या मे महिन्यात व्हॅटिकननं नवे नियम काढले. त्यांत बिशपनं सहसा "हे दैवीच आहे" असं म्हणायचंच नाही, फार तर "श्रद्धेच्या आड येणारं काही दिसत नाही" इतकंच म्हणायचं. आणि दोष म्हणून काय तपासायचं? पैसा, सत्ता, प्रसिद्धी यांचा हव्यास, आणि मनाचं आजारपण. फिलिप्पैच्या त्या पोरीचे धनी इथं पुन्हा भेटतात.

डॉक्टरांकडं कधी जायचं?

ज्या बाईला असं काही होतं तिला श्रद्धावंत म्हणते देव, नास्तिक म्हणतो वेड. दोघांनाही घाई. आमच्या ओळखीच्या एका मनोविकारतज्ज्ञ बाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, आधी ती झोपते किती, खाते काय, घरात काय चाललंय ते विचारा. (ऐकलंत? तेरेसाबाईच बोलल्या!) झोपेत शिरताना आणि झोपेतून उठताना आवाज ऐकू येणं, कुणी खोलीत आहेसं वाटणं हे पुष्कळ निरोगी माणसांना होतं. गेलेलं माणूस जवळ असल्यासारखं वाटणं तर फारच. वेल्समधल्या एका डॉक्टरांनी 1971 साली 293 विधवा-विधुरांना विचारून पाहिलं. जवळजवळ निम्म्यांना जोडीदार असल्याचा भास कधी ना कधी झाला होता, आणि बऱ्याचजणांनी कुणाला वेडं म्हणतील या भीतीनं तोवर तोंडही उघडलं नव्हतं. बहुतेकांना तो भास दिलासा देणारा वाटला होता.

स्वप्नांचं एक साधं गणित आहे. खरं ठरलेलं स्वप्न आपण दहा जणींना सांगतो. खोटं ठरलेलं सकाळच्या चहाबरोबर विसरतो. मावशी ऐंशीच्या पुढच्या, महिनाभर आजारी. त्यांची काळजी बाईंच्या मनात होतीच. शेजारचा मुलगा स्कूटर कशी हाणतो ते सगळी गल्ली बघत होती! यात देव नाहीच असं मी म्हणत नाही. काळजी करणारं मन देवानंच दिलं असेल तर स्वप्न हे त्या मनाचं काम, आणि तीही देणगीच झाली की.

मात्र आवाज दिवसाढवळ्या येत असेल, तो हुकूम सोडत असेल, स्वतःला किंवा लेकराला इजा कर म्हणत असेल, झोप आठवडाभर उडाली असेल, बाळंतपणानंतर बाई बदलल्यासारखी वागत असेल, तर एक दिवसही दवडू नका. प्रार्थना चालू ठेवा आणि डॉक्टरकडं जा. 14416 हा सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक आहे. त्यावर फोन केला तर पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. असला आजार हा श्रद्धा कमी पडल्याचा पुरावा नव्हे.

आणि उलटं टोकही सांभाळा. आमच्या नात्यातल्या एका मावशींचा मधुमेह एका प्रार्थनावाल्यानं "गेला" म्हणून सांगितलं. मावशींनी इंजेक्शन बंद केलं, दोन बांगड्या त्याच्या पेटीत पडल्या, आणि पुढं पायाचं बोट कापावं लागलं. पौलाच्या यादीत रोग बरे करण्याचं दान आहे, पण औषध बंद करा असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर खुद्द वैद्य होता! महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. दैवी शक्तीचा दावा करून लोकांना फसवणं आणि धाक घालणं, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर डॉक्टरकडं जाऊ न देता मंत्र घालणं हा त्यात गुन्हा आहे. बाबा कुठल्या धर्माचा, हे कायदा विचारत नाही.

वही

हे सगळं घेऊन मी बाईंकडं गेले. सासूबाई शेंगा सोलत होत्या, त्याही ऐकत होत्या. मी म्हटलं, एक दोनशे पानी वही आणा. स्वप्न पडलं की सकाळी उठल्याबरोबर तारीख घालून लिहा, कुणाला सांगायच्या आधी. पुढं काय झालं तेही लिहा. खरं झालं, खोटं झालं, ठरवता येत नाही. पौलानं थेस्सलनीकाकरांना तरी काय लिहिलं? आत्मा विझवू नका, पण सगळ्याची पारख करा. पारख वहीशिवाय कशी होणार?

दुसरं, प्रार्थनागटात कुणी मुलाचं लग्न विचारलं की सरळ सांगा, मला ठाऊक नाही. हे म्हणायला धीर लागतो हं. आपल्याला काही दिसतं असं लोक मानायला लागले की तो मान सोडवत नाही. पौलानं करिंथकरांना शिस्त घालून दिली होती. दोघांनी किंवा फार तर तिघांनी बोलायचं, तेही एकेकानं, अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसायचं. ज्याला खरंच देणगी आहे त्याला गप्प बसता येतं.

तिसरं म्हटलं, पाळकीणबाईंना आधी भेटा. पाळकसाहेबांशी वाद घालू नका. तुम्ही विचारायला गेला नव्हता, तुमच्याकडं आपोआप आलं, हा फरक त्यांच्या कानावर घालू दे. त्या गेल्या. पाळकीणबाईंनी चहा केला, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की मला स्वतःला आई गेल्यावर वर्षभर स्वयंपाकघरात तिच्या बांगड्यांचा आवाज यायचा, साहेबांना अजून सांगितलेलं नाही! पाळकसाहेब स्वप्नांच्या बाबतीत अजून फारसे नमलेले नाहीत. पण पुढच्या रविवारी त्यांनीच बाईंना नावानं पुढं बोलावलं आणि बाईंनी प्रभुभोजन घेतलं.

परवा त्या वही घेऊन आल्या होत्या. सात आठवड्यांत चौदा स्वप्नं. दहा साफ खोटी. त्यात यजमानांची बदली रत्नागिरीला झाली होती आणि घरात हत्ती शिरला होता. तीन ठरवता येत नाहीत अशी. एक खरं म्हणावं असं: शाळेतली जुनी मैत्रीण रडताना दिसली होती. बाईंनी फोन केला, स्वप्नाचं अवाक्षर काढलं नाही, नुसतं म्हणाल्या, "तुझी आठवण आली." पलीकडून रडूच फुटलं. नवऱ्याची नोकरी गेली होती आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"आता मी असंच करते ताई," बाई म्हणाल्या. "ज्याचं स्वप्न पडेल त्याला फोन करायचा. हत्ती सोडून."

मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलं आहे. व्याह्यांना बाईंनी आपण होऊन सगळं सांगितलं, वहीसुद्धा दाखवली. व्याहीणबाईंनी ती वाचून काढली आणि विचारलं, रत्नागिरीच्या स्वप्नात समुद्र दिसला होता का, कारण त्यांना फार दिवसांपासून जायचं आहे.